पंखा नसलेला दिवा

— तो नको, हनादीताई. फोनवर चित्र चांगलं दिसतंय हे मान्य, पण तो जांभळ्या उजेडाचा दिवा घेऊ नका. त्यावर हजार वॉट लिहिलंय ना — ती आत बसवलेल्या बारीक बारीक दिव्यांची कागदावरची बेरीज असते. प्रत्यक्षात तो भिंतीतून शंभर ओढतो, फार तर एकशे दहा. मी ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे असे सहा होते, प्रत्येकाला मी स्वतः मीटर लावून पाहिलंय. बसा ना. त्या खुर्चीवरचा ट्रे खाली ठेवलात तरी चालेल — हो, ज़ातरचीच रोपं, आपण तेलात कालवून भाकरीला लावतो तोच, माझा सगळा प्रबंध त्याच्यावर आहे — आणि अनंताचं झाड इथे, या पांढऱ्या उजेडाखाली. बहीजामावशींनी, तुमच्या आईने, ते कायम तुपाच्या डब्यातच ठेवलं, डब्याला खालून भोकं मी पाडून दिली होती. पानं पिवळी पडलीयेत, पण ती पाण्याने, उजेड कमी झाल्याने नव्हे — गेल्या पाच-सहा दिवसांत त्यांच्या मातमाला आलेल्या प्रत्येक बाईने त्याला पाणी घातलं असणार. तुम्ही याची फांदीच न्या, पूर्ण झाड विमानातून नेऊ देतात का ते मला नक्की माहीत नाही, मातीला तर बहुधा बंदी असते. चुकीचं सांगण्यापेक्षा तुम्ही तिकडच्या कचेरीत विचारा. आणि गॉथेनबर्गला डिसेंबरात दिवस किती, साडेसहा तास? म्हणजे दिवा लागणारच. तर निवडताना एकच आकडा बघायचा — एका वॉटमागे तो झाडाला किती प्रकाश देतो. दुकानदार सांगत नाहीत, पण चांगल्या कंपनीच्या कागदावर असतो. माझे जुने जांभळे दीडच्याही खाली होते. हे नवे पावणेतीनच्या आसपास. साधारण निम्म्या विजेत तेवढाच उजेड. तुम्हाला तीस वॉटची एक पांढरी पट्टी पुरे, पानांपासून वीतभर वर, रोज चौदा तास. आणि दुसरी गोष्ट — लोक हिच्याकडे बघतच नाहीत — पंखा नसलेला घ्या. आता ऐका — आलं काही ऐकू? नाही ना? चार पट्ट्या चालू आहेत तुमच्या डोक्यावर. मागे नुसती ॲल्युमिनियमची कंगोऱ्यांची पाठ, उष्णता तिच्यातून निघून जाते. जुन्यांना प्रत्येकी दोन पंखे होते, सहा दिव्यांचे बारा, त्या घरघरीत मला स्वतःचा विचार ऐकू येत नसे. हे आल्यावर भिंतीपलीकडे मावशी कॉफीत चमचा फिरवायच्या तोसुद्धा इथे ऐकू यायचा. खरं सांगतो.

कुठे होतो आपण — हो, वीज. तुमच्याकडे तिकडे हा प्रश्न नाही, पण इथे दिवा निवडणं म्हणजे मुळात अँपिअर निवडणं. आमची आणि मावशींची जनरेटरची जोडणी एकच होती, हे त्यांनी फोनवर सांगितलं असेल. पाच अँपिअर, दोन घरांत. जिन्यावरून ती काळी वायर येते ना तुमच्या दारावरून, तीच. त्यातले सव्वा अँपिअर दोन फ्रिजना, तीन माझ्या जांभळ्या दिव्यांना — उरला पाऊण. पाऊण अँपिअरमध्ये त्यांचं कपडे धुण्याचं यंत्र चालत नाही, थंड पाण्यावरसुद्धा नाही. लावलं की खटका पडायचा, आणि खटका कुठे, तर खाली गल्लीत, जनरेटरवाल्या अबू नाजीच्या पेटीत. चार मजले. लिफ्ट तर वीज गेली की बंदच. मावशींचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. म्हणजे दर वेळी मी. अबू नाजी खाली खुर्ची टाकून बसलेला असायचा, मला बघितलं की म्हणायचा, उस्ताद, चौथ्या मजल्यावरून जांभळा उजेड येतो रोज, खरं सांग, काय पिकवतोस, आम्हालाही थोडं दे. मग मावशींनीच तोडगा काढला. या भिंतीवर. त्यांचा पलंग त्या बाजूने भिंतीला लागून, माझं टेबल या बाजूने. काही लावायच्या आधी त्या दोनदा वाजवायच्या — घेऊ का. मी दिवे कमी करून दोनदा वाजवलं की — घ्या. एकदाच वाजवलं की — थांबा, मोजमाप चालू आहे. आणि थांबायच्या हो त्या. शाळेत चाळीस वर्षं शिकवलेली बाई, घंटेचा मान ठेवणारच. तासभरही थांबायच्या. नंतर जिन्यात भेटल्या की टोमणा — जवाद, तुझ्या ज़ातरला माझ्यापेक्षा जास्त ऊन मिळतं. किंवा, लग्न कर रे बाळा, म्हणजे कळेल, बायको एका टकटकीत गप्प बसत नाही.

हसलात. त्या तशाच होत्या, हो.

तर मी दिवे बदलले ते मुख्यतः यासाठी — म्हणजे प्रबंधासाठीच, पण यासाठीही. चार नव्या पट्ट्या, एकूण दोनशे चाळीस वॉट, म्हणजे साधारण एक अँपिअर. दोन अँपिअर मोकळे झाले. मी मावशींना बोलावून मीटरवर आकडा दाखवला, म्हटलं, आता यंत्र लावा, हीटर लावा, विचारायची गरज नाही, आता भिंत वाजवायची नाही. त्यांनी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, बरं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता — दोनदा. मला वाटलं विसरल्या. मी गेलो, सांगितलं. हो रे, सवय, म्हणाल्या, आलाच आहेस तर ही बरणी उघडून दे. मग त्याच दुपारी पुन्हा. मसूर-भात केलाय, घेऊन जा. मग, टीव्हीवर अक्षरं बारीक का झाली. मग काहीच नाही, नुसतं — आहेस का घरी. मी तक्रार करत नाहीये, हनादीताई, कृपा करून तसा अर्थ घेऊ नका. पण बारा पंख्यांची घरघर गेल्यावर ती टकटक किती मोठी वाटायला लागली याची तुम्हाला कल्पना यायची नाही. अगदी कपाळाच्या आत वाजल्यासारखी. मग मी एकदा वाजवायला लागलो. मोजमाप चालू असो वा नसो. एकदा. त्या थांबायच्या. चांगली पद्धत होती ती, कुणाचं मन न दुखवता... निदान मला तसं वाटायचं.

ते जाऊ द्या. तुमचा प्रश्न होता, वीज खालीवर झाली तर दिवा तग धरेल का. तिकडे तो प्रश्न येणार नाही, पण विचारलंत तर पुरावाच दाखवतो, कारण सांगणं आणि दाखवणं यात फरक आहे. ही माझी नोंदवही. डावीकडे वेळ, मग विजेचा दाब, मग रोपांवर पडलेला प्रकाश. साधा दिवस दाखवून उपयोग नाही, साध्या दिवशी कुठलाही दिवा चांगलाच वागतो. त्यातल्या त्यात वाईट दिवस घेऊ — हा. सरकारी वीज आली, गेली, पुन्हा आली, अबू नाजीच्या जनरेटरवर तीनदा जावं लागलं, दाब दोनशेवीसवरून एकशे नव्वदवर घसरला — आणि प्रकाश बघा. एक वाजता दोनशे अठ्ठेचाळीस. दीडला दोनशे एकोणपन्नास. दोनला दोनशे सत्तेचाळीस. अडीचला पुन्हा अठ्ठेचाळीस. जवळपास सरळ रेघ. माझ्या मार्गदर्शक बाईंना मी हेच पान पाठवणार आहे. असा दिवा —

हो. मंगळवार.

हो, तोच मंगळवार. तारीख वर आहेच.

नाही, मी जे त्या दिवशी सांगितलं ते — मी सहापर्यंत विद्यापीठात होतो, हे खरंच आहे, म्हणजे ढोबळमानाने. हे आकडे यंत्र आपोआप टिपतं. हे — हो, हे माझं अक्षर आहे. यंत्र आपोआप टिपतं आणि मी नंतर उतरवून काढतो. शाई वेगवेगळी आहे कारण — बघा, नेमकं सांगायचं तर ते यंत्र ऑक्टोबरात बिघडलं. त्यामुळे मी अधूनमधून येऊन हाताने घेत होतो. यायचो, आकडा घ्यायचो, जायचो. दर अर्ध्या तासाला, हो. विद्यापीठ बसने चाळीस मिनिटांवर आहे हे मला माहीत आहे, ताई, मी रोज जातो. तुम्ही असं बघू नका. सलग बहात्तर तासांची ती चाचणी होती, एक नोंद चुकली की सगळं पहिल्यापासून, आणि त्याआधी दोनदा चुकलं होतं, दोन्ही वेळा — दोन्ही वेळा कुणीतरी हाक मारली म्हणूनच. मंगळवारी दुपारी शेवटचे सहा तास राहिले होते. मी दार लावून घेतलं होतं. कुणी विचारलं असतं तर मी घरी नव्हतो. लोक असं करतात. तुम्हीही परीक्षेच्या दिवसांत केलं असेल.

हा रकाना? तो शेऱ्याचा. काही विशेष घडलं तर लिहायचं — वीज गेली, खिडकी उघडी राहिली, पान गळलं. 'भिंत' म्हणजे — भिंतीचं तापमान. एक दहा, भिंत. एक चाळीस, भिंत. दोन वीस. दोन पन्नास... तीन पाच. भिंतीचं तापमान मी — नाही, आकडा लिहिलेला नाही, बरोबर आहे तुमचं. मागची पानं कशाला उलटताय, तिथे जुनं आहे सगळं. हो, तिथेही भिंत. 'भिंत, यंत्र.' 'भिंत, बरणी.' 'भिंत, कारण नाही.' मला सवय आहे, ताई, मी सगळंच लिहितो. मोजमापात व्यत्यय आला तर तो नोंदवायचा असतो, नाहीतर पुढे कुणी विचारलं की हा आकडा इथे का हलला, तर सांगणार काय. प्रामाणिकपणे काम करायचं तर लिहावं लागतं. मी लिहिलं नसतं तर आज तुम्हाला —

डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. मीच तर त्यांना बोलावलं. पडल्या त्या एकच्या सुमारास, गेल्या चार-साडेचारला. खुबा मोडला होता. हे अंदाज असतात, ताई, डॉक्टरांचे, त्यात तासभर इकडेतिकडे होतं, मी शास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो. आणि साडेसहाला दार मीच उघडलं. किल्ली — हो, माझ्याकडेच असते. तिथे, त्या खिळ्याला. मावशींनीच दिली होती, मागच्या हिवाळ्यात, म्हणाल्या, मी दार उघडलं नाही तर तू उघड. उघडलंच ना मी. सहाला चाचणी संपली, मी हात धुतले, मग मला वाटलं, आज तीननंतर एकदाही — म्हणून गेलो. पलंग आणि भिंत यांच्या मधे होत्या. बोळकांडीएवढी जागा. ती जागा तुम्ही बघितली आहे.

कुणी सांगितलं तुम्हाला? ज्या बाईंनी शेवटचं स्नान घातलं त्यांनी? काय सांगितलं — उजव्या हाताच्या बोटांची पेरं? म्हातारपणी कातडी पातळ होते, ताई. साधं कशाला लागलं तरी काळंनिळं होतं. पडताना हात टेकला असेल. मी म्हणत नाही की तसंच झालं, मी एवढंच म्हणतोय की एका खुणेवरून एकच निष्कर्ष काढणं —

मी ऐकलं नाही. तुम्ही सरळ विचारताय, तर मी सरळ सांगतो, ऐकलं नाही. म्हणजे टकटक ऐकली, पण ती — दिव्यांच्या आवाजात स्पष्ट — हो, ठीक आहे, दिव्यांना आवाज नाही. मीच म्हणालो. पण खाली जनरेटर चालू होता, तो धडधडतो, तुम्ही आत्ताही — आत्ता सरकारी वीज आहे म्हणून शांत आहे. आणि मला काय कळणार, त्या रोज वाजवायच्या. रोज. तेच दोन ठोके, तेवढ्याच अंतराने, जोरात नाही, घाबरून नाही. पडलेलं माणूस असं वाजवतं का? पडलेलं माणूस हाक मारतं, आरडाओरडा करतं, भिंतीवर हात आपटतं. त्यांनी हाक मारली असती तर मी सगळं टाकून गेलो असतो, शपथेवर सांगतो. त्यांनी विचारलं. नेहमीसारखं — घेऊ का. आणि मी — माझ्या हातात मोजायचं यंत्र होतं, हे असं, रोपांवर धरलेलं, तो हात हलवता येत नव्हता, म्हणून दुसऱ्या हाताने मी —

एकदा.

पाचही वेळा एकदाच. आणि दर वेळी त्या थांबल्या, ताई. तुमची आई थांबायची. मी मनात म्हटलंसुद्धा, चला, समजूतदार बाई आहेत. तीन पाचला शेवटचं, त्यानंतर भिंत शांत झाली, आणि मला — हे मी कुणाला सांगितलेलं नाही — मला बरं वाटलं. साडेतीनची नोंद बघा, साडेतीनची, किती नीट अक्षर आहे.

आता चार वाजत आले, मला नोंद घ्यायचीय. तुम्ही निघा. झाड न्या, नाहीतर राहू दे, मी फांद्या लावून मुळं फुटवून देतो, दिव्याचं नाव कागदावर लिहून देतो, तीस वॉट, पांढरा, चौदा तास — वही तिथेच ठेवा. वही कुठे नेताय? ती माझ्या कामाची आहे. ठेवा, हनादीताई. कुणाला दाखवायची असेल तर दाखवा, पण त्यात काय लिहिलंय, भिंत, एवढंच तर लिहिलंय.

किल्ली? तिचं काय करणार आहात आता? पलीकडे जाऊन — नाही. कशाला. त्याची काही गरज नाही. पलंग सरकवू नका, तिथे अजून पुसलेलं नाही. मी सांगतो ना, ऐकू येतं. मघाशी मी जे म्हणालो जनरेटरचं, ते सोडा. ऐकू येतं. चमचा ऐकू येतो, चप्पल ऐकू येते, रात्री त्या उशी बदलायच्या तेही ऐकू यायचं. तपासून बघायला जायचं काय आहे त्यात. हनादीताई, दार उघडं टाकून जाऊ नका, उजेड बदलतो. हनादीताई —

— दोन.

ऐकू आलं. अगदी स्पष्ट. परत या आता.

— पुन्हा दोन. ताई, मी काय वाजवू आता? मी वाजवणार नाही. एकदा नाही, दोनदाही नाही. तिथूनच बोला ना. काही म्हणा, शिव्या द्या, मी इथे टेबलाशीच आहे, मला ऐकू येतंय —

हनादीताई?

थांबलात का?